नाकातली साखर

बोझतोबे, १२ सप्टेंबर १९९९

माझ्या एकुलत्या एका मेव्हणीस, कामशातला, तुझ्या जेझ्देचा, ताईच्या नवऱ्याचा, सलाम.

रोझाच्या हाती हे पाकीट आणि धुरी दिलेले दोन मासे पाठवतोय. रोझा म्हणजे सातव्या डब्याची अटेंडंट. गाडी आमच्याकडे क्रॉसिंगला थांबते तेवढ्या वेळात मी खिडकीतून देतो. तू अल्माटीच्या फलाटावर वेळेवर पोच, नाहीतर मागच्यासारखे मासे ती खाईल आणि तुझ्या हाती नुसतं पत्र पडेल. फोन कर म्हणतेस, पण आमचा फोन रेल्वेचा. मी 'हॅलो' म्हटलं की लाइनीवरची सगळी स्टेशनं कान टवकारतात. मागे मी डॉक्टरांना तुझ्या ताईची दाढ दुखते एवढं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी चार स्टेशनांवरून औषधं आली. त्यात एक घोड्याचं होतं.

तुझी ताई उलमेकेन बरी आहे. माझी आईही बरी आहे, म्हणजे सगळ्यांना ओरडायची ताकद अंगात आहे. तिने यंदा नवीन काढलंय. सोगिमला, हिवाळ्याचा घोडा कापायचा त्या दिवशी, सगळ्या काकांना बोलवायचं आणि माझं दुसरं लग्न ठरवायचं. आठ वर्षं झाली, पाळणा हलला नाही म्हणते. मी म्हटलं, लांब कशाला जाता, मेव्हणी घरचीच आहे, शिवाय मायक्रोस्कोपशिवाय तिच्याकडे कुणी बघत नाही. तेव्हा काय ते कळव. रागावू नकोस, जेझ्दे आणि मेव्हणीने एकमेकांच्या कुठल्याच बोलण्याचा राग धरायचा नसतो, हा वाडवडिलांनी घालून दिलेला कायदा आहे.

आणि तू दिवसभर त्या डबक्याच्या पाण्यात नेमकं काय बघतेस ते एकदा नीट लिही. लोक विचारतात आणि मला 'शेवाळ' असं सांगायची लाज वाटते.

तुझा जेझ्दे, सेइसेनबेक


अल्माटी, २१ सप्टेंबर

हृदय नसलेल्या जेझ्देंना सलाम.

एक मासा मिळाला. दुसऱ्याबद्दल विचारलं तर रोझा म्हणाली, 'पोस्टाचा खर्च.'

तुमचं मागणं मी नाकारते आहे. सैन्यभरतीच्या डॉक्टरने ज्याच्या छातीला नळी लावून 'हा तर मेलेला आहे' म्हटलं, त्या माणसाशी कोण लग्न करेल? तुमचं हृदय उजवीकडे निघालं म्हणून वाचलात. ताईचं लग्न ठरलं तेव्हाच मी तिला सांगितलं होतं, ज्याचं काळीज चुकीच्या जागी आहे त्याचा काय भरवसा. ती म्हणाली, 'आहे ना कुठेतरी, पुरे.'

आता माझं शेवाळ. ही एकाच पेशीची हिरवी वनस्पती आहे आणि तिला पुढच्या बाजूला दोन शेपट्या आहेत. त्या मारत ती पोहते. तुम्ही शेपट्यांना हसणार, पण ऐका. शेपटी प्रथिनांची बनलेली असते आणि शेपटीत स्वतःचा एकही कारखाना नाही. सगळा माल पेशीच्या पोटात तयार होतो आणि शेपटी वाढते ती टोकाला. मग माल टोकापर्यंत जातो कसा? गाडीने. खरंच सांगते. बुडाशी यार्ड आहे, तिथे माल चढतो, गाडी रुळावरून टोकाला जाते, माल उतरवते आणि रिकामी परत येते. पडद्यावर मला ते बारीक ठिपके एकामागून एक जाताना दिसतात. जायचं इंजिन वेगळं आणि यायचं वेगळं. यायचं इंजिन जाताना मालासारखं लादून नेतात. हे सगळं सापडून अजून दहा वर्षंही झाली नाहीत. मी दिवसभर बसून गाड्या बघते, म्हणजे तुमच्याच धंद्यात आहे, फक्त मला टोपी मिळालेली नाही.

अजून एक गंमत सांगते. दोनातली एक शेपटी तोडली तर काय होतं माहीत आहे? जी धड आहे ती आपणहून आखडायला लागते. आपला माल सोडते, तुटकी वाढू लागते, आणि दोघी सारख्या झाल्या की मग बरोबरीने पूर्ण वाढतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रडू आलं होतं. हे कुणाला सांगू नका.

ताईला म्हणावं, 'बरी आहे' याशिवाय आणखी दोन ओळी लिहायला शाई महाग पडत नाही.

कामशात


बोझतोबे, ३ ऑक्टोबर

शेवाळाच्या स्टेशनमास्तरीणबाईंना सलाम.

तुझं पत्र मी ड्यूटीच्या खोलीत दोसझानला वाचून दाखवलं. दोसझान म्हणजे आमचा लाइनमन, तू आलीस की तुला घोड्यावर बसवतो तो. बंद इंजिन मालासारखं ओढून न्यायचं हे ऐकून तो खूश झाला, म्हणाला हे आपण रोजच करतो. पण त्याने आणि मी मिळून तुझ्या चुका काढल्या आहेत. एक, जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्या एकाच रुळावर असतील तर टक्कर झालीच पाहिजे. आमच्याकडे इतकी वर्षं क्रॉसिंग सांभाळतोय, शेवाळाला ते फुकट जमतं हे मी मानणार नाही. दोन, शेपटी पूर्ण झाल्यावर गाड्या बंद करत असतील ना? धरण बांधून झालं की तिकडचा फाटा आम्ही उखडून टाकतो. तुझ्या शेवाळाला काटकसर शिकव.

आणि तुझी ती धड शेपटी मूर्ख आहे. दुसरी तुटली तर हिने का आखडायचं?

थंडी पडली. माझा खोकला सुरू झाला, म्हणजे तो उन्हाळ्यात गेला होता असं नाही. आई दुंब्याची चरबी पाजते, नाक वाहतं ते वाहतंच. तुझ्या ताईला आईने पुन्हा मजारीवर, पिराच्या थडग्याशी मूल मागायला पाठवलं, या वर्षात दुसऱ्यांदा. रात्र तिथे काढली, सकाळी थंडीने निळी पडून आली, 'बरी आहे' म्हणाली आणि पीठ मळायला बसली. थोरल्या काकांनी मोइंतीकडची एक मुलगी बघून ठेवली आहे, असं आई सांगते. मुलीकडे स्वतःचं शिवणयंत्र आहे. तू नाही म्हटलंस म्हणून नाइलाज झाला, आता पस्तावशील.

तुझा जेझ्दे


अल्माटी, १९ ऑक्टोबर

जेझ्दे, सलाम.

आधी तुमची उत्तरं. रूळ एक नाही, नऊ आहेत आणि प्रत्येक जोडीचा आहे. टक्कर होत नाही एवढं दिसतं. का होत नाही ते अजून कुणालाच कळलेलं नाही, मलाही नाही. आणि दुसरं, तुम्ही साफ चुकलात. शेपटी पूर्ण झाली तरी गाड्या थांबत नाहीत. टोक सतत झिजत असतं आणि जेवढं झिजतं तेवढं रोज नवं पोचवावं लागतं. आमच्याकडे शेवाळाची एक जात आहे, तिला जरा ऊब दिली की गाड्या बंद पडतात. मग शेपट्या काही तासांत आखडून जातात, कुणी हात न लावता. तुमचा फाटा उखडला तर धरण राहतं, जेझ्दे. हे राहत नाही.

आता दुसरं. तुमचं पत्र वाचून मी आधी हसले. शिवणयंत्राचं वाचून थांबले. दुसऱ्या लग्नाची ही थट्टा नाहीच, असं मला आता वाटतंय.

मागच्या आठवड्यात ग्रंथालयात जपानमधल्या लोकांचा एक लेख वाचला. आईच्या पोटात बाळ अगदी एवढंसं असतं तेव्हा त्याच्यात एका जागी बारीक केस असतात. माझ्या शेवाळाच्या शेपटीसारखेच बनलेले, तशाच गाड्यांवर वाढलेले. ते गोल फिरतात, पाणी एका बाजूला ढकलतात आणि त्यावरून ठरतं की हृदय डावीकडे जाणार. त्यांच्यात बिघाड असेल तर हृदय कुठेही जातं. मी ते वाचलं आणि मला तुमच्या भरतीचा डॉक्टर आठवला.

तसेच केस श्वासनळीत असतात, कफ बाहेर ढकलायला. ते हलले नाहीत तर माणूस जन्मभर खोकतो आणि नाक वाहत राहतं. आणि पुरुषाच्या बीजाला एकच शेपटी असते, तीही तशीच. या शेपट्यांत आत बारीक हात असतात, ते ओढतात म्हणून शेपटी हलते. हातही पेशीच्या पोटात तयार होऊन गाडीने आत जातात आणि आपापल्या जागी बसतात. काही माणसांच्यात ते बसतच नाहीत. अशा माणसाचं बाकी सगळं उत्तम असतं. फक्त बीज पोहत नाही.

उजवं हृदय, जन्माचा खोकला, आठ वर्षं मूल नाही. जेझ्दे, खोट ताईत नसेल. तुमच्यात असेल.

कामशात


बोझतोबे, २८ ऑक्टोबर

कामशात, तू जिंकलीस.

आठ वर्षांत तू माझी इतकी सुरेख थट्टा केली नव्हतीस. मी कबूल करतो की वाचताना पहिली दोन मिनिटं मी फसलो होतो. दोसझान हसून हसून रुळावर बसला. आईला मी सगळं सांगितलं नाही, लाज आहे मला, पण एवढं सांगितलं की तुमची सून निर्दोष आहे आणि तुमच्या मुलाच्या आतले केस झोपलेत, असं शहराचं म्हणणं आहे. आई म्हणाली, 'पगार मिळत नसला की शिकलेली पोरं अशी होतात.'

तुझी ताई तेवढी हसली नाही. पाव भाजत होती, तव्याकडेच बघत राहिली. तिला थट्टा कळत नाही, हे मी तुला आधीही लिहिलंय.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सोगिम आहे. घोड्याच्या आतड्यात मांस भरून तुझ्यासाठी काझी पाठवेन, रोझाचा हिस्सा धरून.

तुझा जेझ्दे


अल्माटी, ६ नोव्हेंबर

जेझ्दे,

आपण एकमेकांची इतकी वर्षं थट्टा केली की आता खरं सांगायला मला जागाच उरली नाही. मी खरं लिहिते आणि तुम्ही लोकांना वाचून दाखवता. तुमच्यावर रागावता येत नाही, कारण चूक माझीही आहे. दुसऱ्या लग्नाचं तुम्ही लिहिलंत तेव्हा मीही हसलेच होते. तुम्ही घाबरला होतात ना? घाबरला होतात म्हणूनच मला लिहिलंत.

ठीक आहे. खेळच हवा तर खेळ घ्या. सोबतच्या पुडीत मधुमेहाचे रुग्ण चहात टाकतात त्या सॅकरिनच्या गोळ्या आहेत. एक गोळी फोडा. मोहरीपेक्षा लहान कण घ्या आणि नाकपुडीत थोडा आत ठेवा. मग मान किंचित खाली घालून गप्प बसा. हुंगायचं नाही, शिंकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही. नाकातले केस तो कण हळूहळू मागे ढकलतात आणि थोड्या वेळाने घशात गोड लागतं. धडधाकट माणसाला फार तर अर्धा तास लागतो. केस हलत नसतील तर तासाभरातही गोड लागत नाही. घरातल्या सगळ्यांनी करा म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही. शेवटी तोच कण जिभेवर ठेवून बघा, म्हणजे जीभ बिघडलेली नाही हे कळेल.

ही काही पक्की तपासणी नाही. पक्कं काय ते इथले डॉक्टर सांगतील आणि त्यांच्याकडे मी स्वतः तुम्हाला नेईन. पण सोगिमच्या आधी एवढं करा. मला माझ्या बहिणीची काळजी वाटते. तुमचीही वाटते, पण ते मी पुन्हा लिहिणार नाही.

कामशात


बोझतोबे, १७ नोव्हेंबर

कामशात,

खेळ झाला. आधी मजा सांगतो. आई, दोसझान, त्याची बायको, मी आणि तुझी ताई, पाचही जण भिंतीला टेकून माना खाली घालून ओळीने बसलो. कुणीतरी मेल्यासारखं दिसत होतं. तेवढ्यात मालगाडीच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकावून टोपी काढली. आई म्हणाली की मी सत्तर वर्षांची आहे, माझे केस केव्हाच झडले असतील. पण सगळ्यांत आधी तीच ओरडली, 'गोड!' मग दोसझान, मग त्याची बायको.

मला लागलं नाही. दोन गाड्या गेल्या, मी उठून झेंडी दाखवली, परत येऊन बसलो. काही नाही. जिभेवर ठेवला तर इतका गोड की तोंड कडू झालं.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की तू थट्टा करत नव्हतीस. पण तुझ्या ताईलाही लागलं नाही. मी दोनदा विचारलं. तिने मान हलवली, 'मलाही नाही.' म्हणजे तुझं शास्त्र तरी खोटं, नाहीतर आमच्या दोघांतही खोट.

आईने त्यातून आपलं काढून घेतलं. म्हणाली, मजारीने सांगितलं, आता शहराच्या गोळीनेही सांगितलं, सून वांझ आहे. मुलाचं काय, त्याला सर्दी आहे. त्याच संध्याकाळी काकांना निरोप गेला. मुलीचा बापही येणार आहे.

मला दुसरी बायको नको आहे, कामशात. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वडील गेल्यावर काकांनीच आम्हाला सांभाळलं. त्यांच्यासमोर माझं तोंड फक्त थट्टेसाठी उघडतं. या वेळी मला थट्टाही सुचत नाही.

सेइसेनबेक


अल्माटी, २५ नोव्हेंबर

ताई,

हे पाकीट जेझ्देंच्या हातून तुझ्याकडे येईल, पण ते उघडणार नाहीत, तेवढे ते सरळ आहेत.

मला एकच सांग. तुला गोड कधी लागलं?

तुला खोकला नाही. तुला मी कधी सर्दीने आडवं पडलेलं बघितलं नाही. लहानपणी माझ्या हातून बाबांची किटली फुटली तेव्हा तू पुढे होऊन मार खाल्लास, आणि आपल्या आईने विचारलं तेव्हाही अशीच मान हलवली होतीस. ती मान मला माहीत आहे.

जेझ्देंनी तुला माझ्या शेवाळाच्या दोन शेपट्यांचं वाचून दाखवलं असेल. एक तुटली की धड असलेली आखडते. पण ताई, ती आखडते ते दोघींनी पुन्हा वाढावं म्हणून. तू नुसतीच आखडते आहेस. तुझ्या खोटं बोलण्याने त्यांचं काही वाढत नाही, फक्त शिवणयंत्रवाली घरात येते. तिलाही मूल होणार नाही, मग दोन-तीन वर्षांनी ती मजारीवर जाऊन निळी पडून येईल.

जेझ्देंना खरं सांग. काकांना सांगू नकोस, आईंना सांगू नकोस. फक्त त्यांना.

तुझी कामशात


बोझतोबे, १४ डिसेंबर

कामशात, माझ्या लाडके,

काझी रोझाकडे दिली आहे. तिचा हिस्सा वेगळा बांधलाय, तेव्हा तुझा तुला पूर्ण मिळेल. या वेळी दोन ओळींपेक्षा जास्त लिहिते.

मला लगेच गोड लागलं होतं. अपांच्या, म्हणजे सासूबाईंच्याही आधी. मी गिळून टाकलं आणि गप्प बसले. तुझे जेझ्दे भिंतीशी मान खाली घालून बसले होते, सगळे गोड गोड म्हणत उठून गेले आणि ते एकटेच राहिले. कामशात, त्यांची मान मागून फार बारीक दिसते. मला ते बघवलं नाही. पुढचा विचार मी केला नाही.

तुझं पत्र वाचून मी तीन दिवस खिशात ठेवलं. मग ते रात्रपाळीला निघताना बूट चढवत होते तेव्हा सांगितलं.  एकच बूट घालून बराच वेळ बसले. नंतर म्हणाले, 'आठ वर्षं गप्प बसलीस?' मी म्हटलं, गोड लागून आठ वर्षं नाही झाली. ते हसले, मग खोकला आला आणि खोकता खोकता रडले. मीही रडले. गाडीला सिग्नल द्यायला दोसझानला जावं लागलं.

सोगिमला सगळे आले. घोडा चांगला निघाला. मांस वाढून झालं, थोरल्या काकांनी गळा खाकरला आणि मुलीच्या बापाकडे वळून म्हणाले की आता पोरीचं कधी ठरवू या ते बोला. मी दारापाशी चहा ओतत होते.  सांगते खरं, मला अजूनही वाटत होतं की तुझे जेझ्दे थट्टाच करतील आणि वेळ जाईल.

ते म्हणाले, 'काका, या घरात दुसरी बायको आणून उपयोग नाही, आणायचा तर दुसरा नवरा आणावा लागेल. खोट माझ्यात आहे.'

सगळे हसले. काका मांडीवर थाप मारून हसले, मुलीचा बापही. तुझे जेझ्दे हसले नाहीत. ते सगळ्यांचं हसून होईपर्यंत तसेच बसून राहिले. मग तेच वाक्य पुन्हा म्हणाले, त्याच आवाजात. तेव्हा कुणी हसलं नाही. मुलीच्या बापाने वाडगा खाली ठेवला. तुझे जेझ्दे म्हणाले, वसंतात आम्ही दोघं अल्माटीला जाणार, डॉक्टर काही करतील तर करतील, नाही केलं तर आम्ही दोघंच राहू, आणि उलमेकेन मजारीवर पुन्हा जाणार नाही.

 मग अपा म्हणाल्या, याचं हृदय उजवीकडे आहे म्हणून डॉक्टर बोलला तेव्हा मला वाटलं होतं, माझा मुलगा काहीतरी वेगळा होणार. एवढंच म्हणाल्या. त्यांनी मला हाक मारली. मी चहाचं भांडं घेऊनच गेले. त्यांनी आपल्या ताटातलं चरबीचं मांस मूठभर उचललं आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात कोंबलं. लग्नाच्या दिवसानंतर त्यांनी मला हाताने भरवलेलं हे पहिल्यांदाच. घास इतका मोठा होता की मला श्वास घेता येईना.

बरं झालं तोंड भरलेलं होतं. नाहीतर मी पुन्हा म्हणाले असते की नाही अपा, खोट माझ्यातच आहे.

तुझी ताई, उलमेकेन